उन्हाळी योगवर्ग, नागपूर: प्रकल्प नोंदी

12 एप्रिल

जागा पक्की झाली. वस्तीतलंच समाजभवन, सकाळी सहा ते सव्वासात. मे महिन्यात इथे साडेपाचच्या सुमारास सूर्य उगवतो आणि आठ वाजता फरशीला पाय लावता येत नाही, त्यामुळे याहून उशिरा वर्ग ठेवण्यात अर्थ नाही. पूर्वेच्या खिडक्यांना जुन्या चादरी बांधून घ्यायच्या. कूलर आहे, पण वर्ग चालू असताना तो बंद ठेवायचा. घामेजल्या अंगावर ओला वारा नको, शिवाय त्याच्या आवाजात मागच्या रांगेतल्या मुलांना सूचना ऐकू जात नाहीत. पंखे आहेत, तेवढे पुरे. मॅट कुणी विकत आणायच्या नाहीत, भवनाच्या सतरंज्या झटकून घेऊ.

वय 8 ते 13. फी नाही. रामनगरच्या जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळामुळे या शहराला विनामूल्य योगवर्गाची जुनी सवय आहे. माझं शिक्षणही अशाच एका फुकटच्या वर्गात झालं, तेव्हा हा प्रश्न मनातसुद्धा आला नाही.

नोंदी ठेवायच्या त्या एकाच कारणासाठी. दरवर्षी पालक विचारतात, ‘याने मुलांना नेमकं काय मिळतं?’ आणि आपण सगळे शिक्षक पाठ केल्यासारखं सांगतो: एकाग्रता, स्मरणशक्ती, आत्मविश्वास. हे शब्द खोटे नाहीत, पण वर्ग घेताना डोळ्यांना दिसतं ते वेगळंच असतं. या वर्षी फक्त दिसेल ते लिहायचं. मूल श्वास कसा घेतं, टाचा टेकवून उकिडवं बसता येतं का, एका पायावर उभं राहताना डोळे कुठे भिरभिरतात, शवासनात पापण्या स्थिर राहतात का. आणि दुखलं तर सांगतं का. शेवटची गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते, त्याबद्दल पुढे लिहीन.

19 एप्रिल

नावनोंदणीचा अर्ज तयार केला. नाव, इयत्ता, घरचा फोन, आणि मग तब्येतीचे प्रश्न: दमा आहे का, कधी फिट आली होती का, हाड मोडलंय का, हृदयाचं काही, कान फुटतो का, सिकलसेल या आनुवंशिक रक्ताच्या आजाराची तपासणी झाली आहे का. विदर्भात हा शेवटचा प्रश्न टाळून मुलांचा कुठलाही वर्ग काढू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. इथे घरटी कुणाला ना कुणाला त्याची माहिती असते, तरी लोक आपणहून बोलत नाहीत. लग्नाच्या वेळी अडचण नको म्हणून लपवतात. अर्जात छापील प्रश्न असला की उत्तर येतं.

27 एप्रिल

पालकसभा. गर्दी चांगली होती, आयाच जास्त.

पहिला प्रश्न अपेक्षेप्रमाणे उंचीचा. ‘मॅडम, ताडासनाने मुलाची उंची वाढते ना?’ नाही वाढत. उंची ठरते ती आईवडिलांकडून आलेल्या गुणांवर, खाण्यावर, झोपेवर, संप्रेरकांवर आणि हाडांच्या टोकांशी असलेल्या वाढीच्या कूर्चेवर. ताडासनाने मूल पोक न काढता उभं राहायला शिकतं, त्यामुळे उंच दिसतं, एवढंच. हे सांगितल्यावर दोन-तीन चेहरे पडले. पडू देत. खोट्या आशेवर आलेलं मूल आठवड्यात गळतं.

दुसरा प्रश्न शेवटच्या दिवशीच्या कार्यक्रमाचा. स्टेज, पाहुणे, मुलांचे मनोरे, बक्षिसं. त्यालाही मी नाही म्हटलं. कार्यक्रम ठरला की पहिल्या दिवसापासून वर्ग त्या कार्यक्रमाचा होतो. ज्यांचं शरीर मुळातच वाकतं ती मुलं पुढच्या रांगेत येतात, जाड मुलं आणि लाजरी मुलं मागे जातात, आणि खरं तर त्यांनाच वर्गाची गरज असते. एक आजोबा म्हणाले, ‘स्पर्धा नसली तर पोट्टे मेहनत कशाला करतील?’ प्रश्न रास्त आहे. योगासनांच्या स्पर्धा होतात, त्यातून चांगले खेळाडू घडतात आणि त्यांची मेहनत मला आदराची वाटते. पण ते वेगळं शिक्षण आहे, त्याला वेगळा शिक्षक आणि वर्षभराचा सराव लागतो. महिन्याभराच्या सुटीत मला मुलांना स्वतःच्या शरीराशी ओळख करून द्यायची आहे.

सभा संपल्यावर एक आई थांबली. ओंकार म्हणायचा नसेल तर चालेल का, असं हळूच विचारलं. चालेल. तिचा मुलगा त्या वेळी भ्रामरी करेल, भुंग्यासारखा गुणगुणाट. श्वास सोडण्याचा काळ लांबतो तो दोन्हींत सारखाच. सूर्यनमस्कारही आकड्यांवर घालू, म्हणजे कुणालाच अवघड जाणार नाही. तिच्या चेहऱ्यावरचा ताण लगेच उतरला.

4 मे

वर्ग सुरू. आज काहीच शिकवलं नाही, फक्त पाहिलं.

उकिडवं बसा म्हटलं, तर निम्म्याहून जास्त मुलांच्या टाचा उचललेल्या. टाचा टेकवायला गेली की मागे कलंडतात. पोटऱ्या आखडलेल्या, घोटा पुढे वाकत नाही. घरी कमोड, शाळेत बाक, जेवायला टेबल किंवा पलंग. जमिनीशी संबंधच तुटला आहे. ज्यांच्या घरी अजून खाली बसून जेवतात, ती मुलं आरामात बसली आणि इकडेतिकडे बघून हसायला लागली. वर्गातला एक मुलगा शाळेच्या क्रिकेट संघात आहे, पळण्यात सगळ्यांत तेज, पण त्याला मांडी घालून दोन मिनिटं बसवेना. गुडघे छातीशी येत होते.

श्वासाचं तर विचारू नका. ‘खोल श्वास घ्या’ म्हटल्यावर खांदे कानापर्यंत गेले, छाती फुगली, पोट आत ओढलं गेलं. नेमकं उलटं. श्वास घेताना छाती आणि पोट यांमधला पडदा खाली सरकतो म्हणून पोट हलकेच बाहेर यायला हवं. तान्हं बाळ हे न शिकवता करतं. शाळेत ‘छाती पुढे, पोट आत’ ऐकून ऐकून ते सुटतं.

शवासन: एकजण घोरला, बाकीच्यांची बोटं सतरंजीचे दोरे ओढत होती. चार-पाच मुलं मात्र डोळे मिटून अगदी स्वस्थ. चौकशी केली तेव्हा कळलं की ती शाळेत आनापान करतात. ‘मित्र’ नावाच्या उपक्रमामुळे राज्यातल्या बऱ्याच शाळांत रोज थोडा वेळ श्वासाकडे बघत बसतात. सुटीतही त्यांची बैठक मोडलेली नाही.

5 मे

उपाशीपोटी या, असं सांगितलं होतं. ते बदललं. एवढ्या लहान मुलांना रात्री आठपासून सकाळी साडेसातपर्यंत कोरडं ठेवायचं नाही. अर्धं केळं किंवा भिजवलेले दोन खजूर आणि पाणी, निघण्याआधी. पोटभर नाश्ता वर्गानंतर घरी.

8 मे

आजचा दिवस लिहून ठेवण्यासारखा.

पोटाचा श्वास चार दिवस सांगून जमत नव्हता. आज सगळ्यांना पाठीवर झोपवलं, गुडघे वाकवून पाय टेकवायला लावले आणि प्रत्येकाच्या बेंबीवर त्याचीच एक वही ठेवली. ‘वही वर जाऊ दे, वही खाली येऊ दे. खांदे जमिनीलाच.’ मी गप्प बसले. सुरुवातीला वह्या थरथरत होत्या, काही घसरून पडल्या, हसाहशी झाली. मग हळूहळू एकेक वही संथ वर-खाली व्हायला लागली. पाचवीतली एक मुलगी मान उचलून स्वतःच्या पोटाकडे बघत राहिली. म्हणाली, ‘ताई, मी काही करून नाही राहिले, ते आपोआपच होऊन राहिलं.’

अगदी हेच समजायला हवं होतं. श्वास ओढायचा नसतो, वाट मोकळी करून द्यायची असते.

मोजून श्वास देण्याचा प्रकार मी मुलांसाठी बंदच ठेवला आहे. या वयात मूल स्वस्थ असताना मिनिटाला साधारण 18 ते 25 श्वास घेतं, मोठी माणसं 12 ते 20. माझ्या आकड्यांवर त्यांनी श्वास घेतला तर त्यांची दमछाक होते. म्हणून आकडा त्यांचा त्यांनी मोजायचा, सोडणं घेण्यापेक्षा थोडं लांब ठेवायचं, बस्स. कुंभक, म्हणजे श्वास रोखून धरणं, नाही. जोराचं कपालभाती, भस्त्रिका नाही. शीर्षासनही नाही; कोवळ्या मानेवर अंगाचा भार टाकून मिळवण्यासारखं त्यात या वयात काही नाही. ‘टीव्हीवर तर लहान मुलं करतात’ असं एका वडिलांनी ऐकवलं. टीव्हीवर करू देत.

11 मे

सूर्यनमस्कार सुरू केले. आल्या आल्या मुलग्यांचं गणित: ‘ताई, मी रोज पन्नास घालतो.’ बघितलं. तिसऱ्या स्थितीत गुडघे वाकलेले, अष्टांगात पोट धाडकन जमिनीवर, भुजंगासनात मान मागे टाकून कंबर दुमडलेली. पन्नास घालून काय उपयोग?

त्यांना औंधची गोष्ट सांगितली. साताऱ्याकडच्या त्या छोट्या संस्थानात राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः रोज सूर्यनमस्कार घालायचे आणि त्यांनी आपल्या राज्यातल्या शाळांत ते लागू केले. शंभर वर्षं होत आली. राजाच घालतो म्हटल्यावर मुलांना गंमत वाटली. मग म्हटलं, आज फक्त तीन घालायचे, पण प्रत्येक स्थितीत एक पूर्ण श्वास घेऊन सोडायचा. तिसऱ्यानंतर पन्नासवाला मुलगा घामाने निथळत होता. ‘हे जास्त लागते, ताई,’ म्हणाला आणि सतरंजीवर पसरला. त्यानंतर आकड्याची भाषा त्याच्या तोंडून आली नाही.

14 मे

वर्गात एक मुलगी आहे, सहावीतली. कुठेही, कशीही वाकते. पश्चिमोत्तानासनात कपाळ गुडघ्याच्या पुढे जातं. बाकीची मुलं टाळ्या वाजवतात, तिची आई व्हिडिओ काढते. मला तिची काळजी वाटते. हात जमिनीवर टेकवले की तिची कोपरं उलट बाजूला वाकतात, उभी राहिली की गुडघे मागे जातात. सांधे मुळातच सैल आहेत. अशा मुलांना आणखी ताणून देणं म्हणजे पुढच्या दुखण्याची तयारी. तिला हवी आहे ताकद, आणि वाकण्याआधी थांबण्याची सवय.

फिजिओथेरपिस्ट मैत्रिणीला फोन केला, तिनेही तेच सांगितलं. आजपासून तिला शलभासन, सेतुबंध, भिंतीला टेकून खुर्चीसारखं बसणं, आणि दंडासारख्या स्थितीत कोपरं किंचित सैल ठेवून थांबणं. तिला हे आवडलं नाही. ‘यात तर काहीच दिसत नाही.’ तिच्या आईला वेगळं बसवून समजावलं. व्हिडिओ काढायला हरकत नाही, पण या कामाचे काढा.

15 मे

काल पारा 45च्या वर. रात्री वीज गेली होती, मुलं अर्धवट झोपेत. फक्त पवनमुक्तासन, मकरासन, शवासन. अर्ध्या तासात सोडून दिलं. पन्हं दिलं.

18 मे

पहिल्या आठवड्यात कुणालाही ‘दुखतंय का?’ विचारलं की एकच उत्तर यायचं: ‘नाही, होतंय, होतंय.’ तोंड लाल, दात आवळलेले, मांडी थरथरतेय, तरी ‘होतंय’. शाळेत आणि घरी मुलं हेच शिकतात. थांबणं म्हणजे हरणं.

आज जानुशीर्षासन चालू होतं. चौथीतला एक जाडसर मुलगा, जो आतापर्यंत शेजाऱ्याकडे बघून त्याच्याएवढं वाकायला धडपडायचा, तो मध्येच थांबला. हात नडगीवर. मी जवळ गेले तर मला म्हणाला, ‘ताई, इथे मागं ओढतंय. मी इथेच थांबतो. श्वास इथे नीट येऊन राहिला.’ आणि डोळे मिटून घेतले. शेजारी कुठवर वाकलाय, हे त्याने बघितलंसुद्धा नाही.

वर्ग काढला तो या वाक्यासाठी, असं मी बिनदिक्कत लिहिते. नऊ वर्षांच्या मुलाला आपल्या पायात कुठे ओढ बसतेय ते नेमकं दाखवता आलं, त्याने मर्यादा ओळखली, ती मोठ्या माणसाला न घाबरता सांगितली आणि त्यात त्याला कमीपणा वाटला नाही. पोटात दुखतंय की भूक लागलीय, राग आलाय की झोप, हे सांगता न येणारी कितीतरी मुलं मी बघते. ज्याला स्वतःच्या आत काय चाललंय ते कळतं आणि सांगता येतं, ते मूल डॉक्टरकडेही नीट बोलेल आणि कुणी नको तिथे हात लावला तर घरीही येऊन सांगेल.

यासाठी मी मुद्दाम काही गोष्टी केल्या. चांगलं आसन झालं म्हणून ‘शाब्बास’ म्हणायचं सोडलं. कुणाच्याही पाठीवर हात ठेवून खाली दाबायचं नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून आहे. हात लावायचाच झाला तर आधी विचारायचं. आणि प्रत्येक आसनानंतर एकच प्रश्न: ‘कुठे जाणवलं?’ सुरुवातीला उत्तर यायचं ‘सगळीकडे’. आता एकेक जागा येतात. बगलेखाली. उजव्या पायाच्या पोटरीत. डोळ्यांच्या मागे.

21 मे

सिकलसेलचा एक रुग्ण वर्गात आहे, एसएस, म्हणजे नुसता वाहक नाही, प्रत्यक्ष आजार असलेला. त्याच्या डॉक्टरांची परवानगी घेऊन, काय चालेल आणि काय नाही ते लिहून आणायला लावूनच प्रवेश दिला. पाण्याची बाटली त्याच्या सतरंजीवरच असते, दर पाच-दहा मिनिटांनी घोट घ्यायचा. श्वास रोखायचा नाही, धाप लागेल असं काही नाही, ऊन नाही, आणि वर्गानंतर पळापळीचा खेळ चालू झाला की त्याच्याकडे शिट्टी.

पाणी त्यालाच एकट्याला प्यायला लावलं तर तो वेगळा पडतो, म्हणून घंटा वाजवून सगळेच पितात. नागपूरच्या मे महिन्यात सगळ्यांनाच त्याची गरज आहे. योगाने या आजारातल्या कळा बंद होतील असं मी त्याच्या घरच्यांना चुकूनही सांगितलेलं नाही. त्याची औषधं त्याच्या वेळेला चालूच आहेत. दम्याच्या दोन मुलांनाही तेच: पंप पिशवीत हवाच. पण सिकलसेलवाल्या मुलाची आई म्हणाली, आजवर प्रत्येक शिबिरात याला कडेला बसवून ठेवायचे, पहिल्यांदाच हा मधल्या रांगेत आहे.

24 मे

पालकांकडून निरोप यायला लागले. एका आजीने सांगितलं की नात रात्री मोबाईल ठेवून भ्रामरी करते आणि लवकर झोपते. एका आईचं म्हणणं, लेक चिडल्यावर दार आपटण्याऐवजी आता गच्चीवर जाऊन बसतो. एका वडिलांनी मात्र सांगितलं, ‘काही फरक नाही, मॅडम, जसा होता तसाच आहे.’ तेही इथे लिहून ठेवते.

यावरून मोठे दावे करायचे नाहीत. सुटी आहे, अभ्यासाचा ताण नाही, सकाळी लवकर उठल्यामुळे रात्री झोप येणारच. शाळकरी मुलांवर योगाचे जे अभ्यास झाले आहेत त्यांतले बरेचसे छोटे आहेत. चिंता थोडी कमी होणं, तोल आणि लवचीकता सुधारणं, एवढा फायदा त्यांतून दिसतो, आणि तोही अभ्यासागणिक बदलतो. मार्क वाढतात असं छातीठोक सांगणाऱ्या जाहिराती शहरभर लागल्या आहेत. मला त्यांची चीड येते. शिवाय 5 ते 17 वर्षांच्या मुलांना रोज सरासरी तासभर तरी धाप लागेल अशी हालचाल हवी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आसनांनी ती गरज भागत नाही. म्हणून वर्ग सुटल्यावर भवनामागच्या सावलीत लंगडी, डोंगर का पाणी, जो आहे तो खेळ. तो वर्गाचाच भाग.

27 मे

नवतपा, उन्हाळ्यातले सगळ्यांत कडक नऊ दिवस, लागलाय. सहालाच भिंती गरम.

आठवीत जाणारी एक मुलगी थेट प्रश्न घेऊन आली: ‘उड्डियानात श्वास सोडून पोट आत जातं तेव्हा आत काय होतं, हे कुणी बघितलंय का?’ बघितलंय, आणि आपल्याच राज्यात. लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी 1924मध्ये कैवल्यधाम सुरू केलं ते याच जिज्ञासेपोटी. क्ष-किरण आणि दाब मोजणारी यंत्रं लावून त्यांनी आसनं, उड्डियान आणि पोटाचे स्नायू फिरवण्याची नौली तपासली. नौलीत मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, हे त्यांनी मोजून दाखवलं आणि त्या निर्वात अवस्थेला आपल्या गुरूंचं, माधवदासांचं नाव दिलं. मुलगी थक्क. योग आणि विज्ञानाचं पुस्तक ही दोन वेगळी कपाटं आहेत, अशी तिची समजूत होती. पुढच्या सुटीत लोणावळ्याला जायचं म्हणते आहे.

31 मे

शेवटचा दिवस. स्टेज नाही. पालकांनी यायचं, पण बघायला नाही, करायला. प्रत्येक मुलाने आपल्या घरच्या माणसाला तीन गोष्टी शिकवायच्या: उकिडवं बसणं, पोटाचा श्वास, आणि एक आवडतं आसन.

टाचांचं सांगायचं तर सुरुवातीला न टेकणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या आता टेकतात, काहींच्या टाचेखाली अजून घडी केलेला टॉवेल लागतो. क्रिकेटवाला मुलगा मांडी घालून बसतो, गुडघे अजून उंचच आहेत, पण चुळबुळ नाही. आज त्याच्या वडिलांना खाली बसवताना तो सांगत होता, ‘बाबा, जोर नका लावू. कुठे ओढतंय ते सांगा आधी.’ वडील पोलिसात आहेत, मोठा देह. त्यांनी खरंच सांगितलं, मांडीच्या आतल्या बाजूला. मुलाने दोन सतरंज्या दुमडून त्यांच्या बैठकीखाली सरकवल्या.

लवचीक मुलीने सगळ्यांसमोर काय करून दाखवावं? दंडाच्या स्थितीत, कोपरं सैल ठेवून, सावकाश अठरा श्वास. आईने व्हिडिओ काढला.

13 जून

घरोघरी फोन केले. रोज करणारी मुलं थोडी आहेत, आठवड्यातून दोन-तीनदा करणारी बरीच, अजिबात न करणारीही आहेत. एकट्याने कुणाचंच फार दिवस टिकत नाही. जिथे बरोबर आजी किंवा धाकटं भावंड बसतं तिथे टिकलंय.

21 जूनला मोठे कार्यक्रम होतील. विदर्भात उन्हामुळे शाळा बाकीच्या महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, त्यामुळे त्या दिवशी इथली बरीच मुलं घरीच असतात. आम्ही त्या सकाळी भवनात नेहमीचाच वर्ग ठेवलाय, एका तासाचा.

शाळा सुरू झाल्यावर दर शनिवारी आणि रविवारी सकाळी साडेसहाला वर्ग चालू ठेवायचं ठरलं. भवनाची किल्ली समितीतल्या काकांकडे. पावसाळ्यात सतरंज्यांना वास लागतो, म्हणून दोन लोखंडी रॅक हवेत; त्याची वर्गणी पालकांनीच काढली आहे. आठवीतली मुलगी आणि पन्नास सूर्यनमस्कारवाला, दोघं धाकट्यांना वहीचा श्वास शिकवणार आहेत. त्यांच्याबरोबर मी येत्या आठवड्यात बसते आहे: धाकट्याला हात लावण्याआधी कसं विचारायचं, इथपासून सुरुवात.